खाजनातले कांदळवन: प्रकल्प नोंदी

१२ जून २०२२, रविवार

आजपासून ही वही सुरू. मी उच्च माध्यमिकात भूगोल शिकवते. पाच मुले, शेजाऱ्यांची एक होडी, शाळेचा एक लॅपटॉप आणि तीस मीटरची टेप एवढ्या सामानावर काम चालू करत आहोत. गाव गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्याच्या काठावर आहे, मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणाऱ्या खाऱ्या पाण्याला लागून. गावाचे नाव वहीत कुठेच लिहिणार नाही. इथल्या खाजनावरून, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या भातजमिनीवरून, कुळे आणि जमीनमालक यांच्यात जुना वाद आहे. आमच्या नकाशातली एखादी रेघ उद्या कुणी त्या वादात ओढू नये.

कामे दोन. गावाच्या हद्दीत खारफुटी कुठे आहे, किती आहे आणि केव्हापासून आहे याचा नकाशा करायचा. आणि चारशे रोपांची रोपवाटिका करून पावसातच शक्य तेवढी लागवड उरकायची. मुलांचा जीव दुसऱ्या कामात आहे. माझा पहिल्यात.

१५ जून

आज भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांतला गोव्याचा रकाना फळ्यावर लिहिला. खारफुटीचे क्षेत्र, चौरस किलोमीटरमध्ये. १९८७ साली शून्य. १९८९ साली ३. १९९७ आणि २००१ साली ५. २००३ साली १६. २०११ साली २२. २०१५ साली २६. यंदा जानेवारीत आलेल्या २०२१ च्या अहवालात २७.

शून्यावरून सत्तावीस म्हटल्यावर मुले खूश. मी विचारले, १९८७ साली गोव्यात खरेच खारफुटी नव्हती? १९८८ साली चोडण बेटाच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जाहीर झाले. १७८ हेक्टर, आणि बहुतेक सगळे कांदळवन. ते काय एका वर्षात उगवले?

मग अहवाल कसा होतो ते पाहिले. सुरुवातीला उपग्रहाची चित्रे छापून घेऊन डोळ्यांनी वाचत. पहिल्या अहवालाचे प्रमाण एकास दहा लाख, म्हणजे चारशे हेक्टरांहून लहान तुकडा हिशेबातच येत नसे. पुढे एकास अडीच लाख झाले, मर्यादा पंचवीस हेक्टरांवर उतरली. २००१ च्या सुमारास सगळे संगणकावर आले, प्रमाण एकास पन्नास हजार, मर्यादा एक हेक्टर. गोव्याची खारफुटी काही सुंदरबनासारखी पसरलेली नाही. नदीच्या काठाला लावलेल्या झालरीसारखी ती लांब, अरुंद आणि मधे मधे तुटलेली. जाड चाळणीतून ती गळूनच जायची. २००१ ते २००३ मध्ये ५ चे १६ झाले त्यात नव्या झाडांपेक्षा नव्या चष्म्याचा वाटा मोठा असणार, असे मला वाटते.

पण २००३ नंतर चष्मा फारसा बदललेला नाही. १६ चे २७ झाले ती वाढ बहुतांश खरी मानायला हवी. ती आली कुठून? वन खात्याने ऐंशीच्या दशकापासून केलेली लागवड आहे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. अरविंद उंटवाले यांनी खारफुटीच्या अभ्यासाला आणि रोपवाटिकांना आयुष्य दिले, त्याचे फळ आहे. १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आणि १९९१ ची किनारी नियमन अधिसूचना यांनी तोडीला लगाम घातला, तेही आहेच. एवढ्याने हिशेब पुरा होतो का? मुलांना म्हटले, रविवारी बांधावर जाऊन बघू.

१९ जून, रविवार

पाऊस उघडला होता. गावातले जुने शेतकरी भाई पुढे, आम्ही मागे. भाईंचे वय सत्तरीच्या पुढे, बांधावर मात्र आमच्यापेक्षा सरळ चालतात.

खाजन न पाहिलेल्यांसाठी थोडे लिहून ठेवते. भरतीचे पाणी जिथे सहज शिरले असते अशी ही नदीकाठची सखल जमीन. चिखल, पेंढा आणि चिरे घालून बाहेरचा बांध उभा केला, खारे पाणी अडवले आणि आत भात पिकवला. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकारी (गावची सामुदायिक संस्था) हे सांभाळत आली. बांधाला जागोजागी मानस. मानशीला लाकडी दारे असतात. भरती चढू लागली की पाण्याच्या रेट्याने दारे आपोआप मिटतात, सुकती (ओहोटी) लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. वीज नको, मोटर नको. आत पाणी साठायला खोलगट पोंय. भातही खाऱ्याला न डगमगणारे: कोरगुट, असगो, खोचरी. गोव्यात अशी जमीन सुमारे अठरा हजार हेक्टर सांगतात.

बांधाच्या बाहेर, कालव्याच्या बाजूला, कांदळ आणि तिवर ही खारफुटीची झाडे. कांदळाची मुळे खोडातून कमानीसारखी बाहेर पडून चिखलात रोवलेली. तिवराची उलट, चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली, हजारोंनी. भाईंनी बूट काढले, दोन मुळांमधला चिखल मुठीत घेतला आणि माझ्या हातावर ठेवला. लोण्यासारखा मऊ. "हा बांधाचा भात," म्हणाले. लाटेने आणलेला गाळ ही मुळे धरून ठेवतात, त्यातलाच गाळ दर वर्षी उपसून बांधाला लिंपायचा. बाहेरची झाडे कुणी तोडू लागला तर म्हातारे त्याला झोडपायचे, असेही म्हणाले.

मग आम्ही दुसऱ्या मानशीपाशी आलो. दारे नाहीत, चौकट तेवढी उरली आहे. शेजारी बांधाला दहा-बारा पावलांचे खिंडार. आत नजर टाकली तर गर्द हिरवे. तिवर, मधे मधे चिप्पी, काठाला काटेरी मारांडी, त्यात बगळ्यांची घरटी. सुंदर होते. एका मुलीच्या तोंडून "वाव" निघून गेले.

भाई जरा वेळ बोललेच नाहीत. मग कोकणीतून म्हणाले, "हांगा आमचें शेत आशिल्लें."

२० जून

काल रात्री झोप लागली नाही म्हणून हे आज लिहिते. १६ चे २७ कसे झाले, त्यातला एक भाग मला काल सापडला असे वाटते. बांध फुटला, भरती आत शिरली, भात संपले आणि तिवराच्या बिया आत येऊन रुजल्या. अहवालाच्या नकाशावर तो एक हिरवा ठिपका आहे, वाढ म्हणून मोजलेला. भाईंच्या घरी तोच ठिपका म्हणजे बुडालेले शेत. दोन्ही खरे आहे. नकाशात या दोन हिरव्या रंगांत फरक करायचा, हे आता या प्रकल्पाचे मुख्य काम.

३ जुलै, रविवार

होडीतून कांदळाच्या शेंगा गोळा केल्या. शेंग म्हणतो, पण ते खरे तर झाडावरच रुजलेले रोप. बी झाडाला लटकत असतानाच फुटते आणि हिरवा सोटा खाली वाढत जातो, हातभर. पिकला की गळून सुकतीच्या चिखलात उभा रुततो, नाहीतर पाण्याबरोबर वाहत दुसऱ्या काठाला लागतो.

पिकलेला कुठला ते ओळखायचे वरच्या टोकाला. टोपी आणि सोटा यांच्यामध्ये एक कडे दिसू लागते. मोठ्या पानांच्या कांदळाचे कडे पिवळसर, लहान पानांच्याचे तांबूस. कडे न आलेला ओढून काढला तर तो रुजत नाही. मुलांनी पहिल्या अर्ध्या तासात पंचवीस हिरवे ओरबाडले. मी रागावले, मग हात धरून कडे दाखवले, मग त्यांची नजर बसली. परत येईपर्यंत दोनशे चाळीस झाले. किडकी भोके असलेले वेगळे काढले.

पिशव्यांत काठचाच चिखल भरला. सोट्याचा तळाकडचा तिसरा हिस्सा आत, बाकी वर. रोपवाटिका बांधालगत, भरतीचे पाणी दिवसातून एकदा तरी पायाला लागेल अशा जागी.

१४ जुलै

काल गुरुपौर्णिमा. उधाणाची भरती आणि वरून मुसळधार. पाणी बांधाच्या कडेला टेकले. ज्या पट्ट्यात बाहेर कांदळ दाट आहे तिथे लाटा मुळांतच मोडत होत्या, बांधावर नुसती ओल. जिथे झाडे नाहीत त्या तीस-चाळीस मीटरांत पाणी थेट आपटत होते आणि मातीचे लगदे सुटत होते. भाईंचे म्हणणे, खनिजाच्या बार्जी (मालवाहू होड्या) चालायच्या त्या वर्षांत हा काठ असाच खाल्ला गेला. बार्ज गेली की मागून लाट यायची, दिवसात कितीतरी वेळा.

टेप धरून तो उघडा पट्टा मोजला: ३६ मीटर. लागवडीची जागा मिळाली.

२६ जुलै, मंगळवार

आज जागतिक खारफुटी दिन. बाहेरून एक संस्था आली होती. दोनशे रोपे, टोप्या, फलक. गावासमोरच्या मोकळ्या चिखलवाटेवर लावायची असे त्यांनी ठरवूनच आणले होते. सुकतीला तो चिखल उघडा पडतो आणि छान सपाट दिसतो. मला शंका आली होती. चिखल खूप खाली आहे, दिवसाचा बहुतेक वेळ पाण्याखाली असतो. कांदळ समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर, मोठ्या भरतीच्या खाली अशा पट्ट्यात जगतो. शिवाय हिवाळ्यात त्याच चिखलावर चिलखे आणि तुतवार हे पक्षी चरायला उतरतात.

मी बोलले नाही. मुले इतकी आनंदात होती, आलेली माणसे चांगली होती, आणि मला वाटले जगतील थोडी तरी. आम्ही सगळ्यांनी मिळून लावली. ही चूक माझी आहे, म्हणून तारखेसकट लिहून ठेवते.

३० जुलै

३६ मीटरच्या उघड्या पट्ट्यात ९० सोटे थेट रोवले, तीन रांगांत. पुढे बांबूच्या कामट्यांचे कुंपण, लाटेचा जोर मोडायला. मागच्या रांगेत तिवराच्या बिया. तिवराची बी म्हणजे मखमली सालीचा चपटा बदाम. पाण्यात टाकली की एका दिवसात साल सुटते आणि दोन जाड हिरवी दले उघडतात.

२१ ऑगस्ट

चिखलवाटेवरच्या दोनशेपैकी उभी ३८. बाकी प्रवाहात गेली किंवा आडवी. त्यांना प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या, नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे गुंडाळलेले. बांधालगतच्या नव्वदपैकी ७४ उभी. मुख्य फरक जागेचा.

मुले हिरमुसली. दोन रोपांची मुळे उपटून पाहिली, वितीएवढीही खाली गेली नव्हती. एका मुलाने विचारले, मग लोक चिखलावर का लावतात? कारण तिथे कुणाचे शेत नसते, कुणाची हरकत येत नाही, आणि छायाचित्र चांगले येते, एवढेच मला सांगता आले.

४ सप्टेंबर

चवथीची सुट्टी. एका मुलाच्या घरच्या माटोळीत (गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या चौकटीत), आंबाडे, घागऱ्यो आणि करमलांच्या शेजारी कांदळाचे चार सोटे बांधलेले पाहिले. त्याच्या आजीने विचारले म्हणे, हे कसले फळ? त्याने तिला पूर्ण गोष्ट सांगितली.

१६ ऑक्टोबर

आता नकाशाचे काम. लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे नकाशांचे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर आणि सेंटिनल-२ उपग्रहाची चित्रे. एका ठिपक्याची बाजू दहा मीटर, पाच दिवसांनी पुन्हा तीच जागा. आधीच्या काळासाठी लँडसॅट, तीस मीटरचा ठिपका.

पावसाळ्यातले चित्र उपयोगाचे नाही. ढग असतातच, आणि नसले तरी भात आणि खारफुटी दोन्ही हिरवीच. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीची चित्रे घ्यायची. सरदाचे (पावसाळी) भात कापलेले असते, वायंगण (हिवाळी पीक) नसलेली शेते पिवळी पडलेली असतात, हिरवे राहते ते खारफुटी आणि माड. माड वेगळे काढायला प्रत्यक्ष फिरणेच बरे.

दुसरी अडचण मुलांनी शोधली, मी नाही. एकाच महिन्याच्या दोन चित्रांत आमच्या काठाची रुंदी वेगळी येत होती. उपग्रह इथून सकाळी अकराच्या सुमारास जातो. अमावस्या-पौर्णिमेजवळ त्याच सुमारास भरती भरत आलेली असते. कडेची बुटकी झाडे अर्धी पाण्यात, त्यामुळे ठिपका पाण्याचा दिसतो. अष्टमीच्या आसपासचे चित्र घेतले की तीच कडा परत येते. पंचांग उघडून उपग्रहाची चित्रे निवडणारा हा बहुधा आमचाच वर्ग.

बांधाबाहेरची झालर जागोजागी आठ-दहा मीटरची आहे. ती दहा मीटरच्या ठिपक्यात अर्धीमुर्धी येते, एक हेक्टरच्या मर्यादेत तर मुळीच येत नाही. म्हणजे बांध राखणारी, भाईंच्या भाषेत "भायली" खारफुटी मोठ्या नकाशात दिसत नाही आणि बुडालेल्या शेतातली "भितरली" ठळक दिसते. ही गोष्ट मला फार लागली. ज्या झालरीमुळे गाव उभे आहे ती उद्या कुणी तोडली तर आकड्यात एका दशांशाचाही फरक पडणार नाही.

आजपासून नकाशात दोन हिरवे रंग. भायलीला गडद, भितरलीला फिका. आणि प्रत्येक तुकड्यावर साल.

२३ ऑक्टोबर

साल ठरवायला चित्रांबरोबर माणसे लागली. पाच घरी गेलो. मोठा तुकडा, दुसऱ्या मानशीमागचा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बुडाला यावर सगळ्यांचे एकमत, आणि जुन्या लँडसॅट चित्रातही तिथे आधी शेत आणि नंतर पाणी दिसते. बांध का फुटला याची कारणे मात्र प्रत्येक घरी वेगळी. बार्जी. कुळ कायद्यानंतर बांध कुणाचा हे कुणालाच ठाऊक नसणे. मजुरी परवडेना म्हणून पोरे नोकरीला. आणि मानशीची पावणी, म्हणजे लिलाव: मासे पकडण्याचा हक्क ज्याने पावणीत घेतला तो दारे जास्त वेळ उघडी ठेवायचा, खारे पाणी आत, कोळंबी भरपूर, भात गेले.

लहान तुकडा, तिसऱ्या मानशीजवळचा, अगदी ताजा. जुलै २०२१ च्या पुरात बांधाला चीर गेली, दुरुस्ती झाली नाही. तिथे तिवराची रोपे गुडघ्याएवढी.

६ नोव्हेंबर

आज वाईट दिसले. रस्त्याच्या भरावामागे तिवरांचा एक पट्टा, चाळीसेक झाडे, पूर्ण निष्पर्ण. साले सुटलेली. श्वसनमुळे साचलेल्या काळ्या पाण्यात बुडालेली, वर शेवाळाचा थर. तिवराला पाणी चालते, साचलेले पाणी चालत नाही. चिखलावर आलेल्या मुळांना बारीक छिद्रे असतात, सुकतीला ती उघडी पडली तरच झाड श्वास घेते. रस्ता उंच करताना खालची मोरी राडारोड्याने बुजली. पावसाचे पाणी चार महिने तिथेच कोंडले आणि झाडे उभ्या उभ्या गुदमरली. कुणी कुऱ्हाड उचलली नाही, त्यामुळे कुठे गुन्हाही नाही.

संबंधित कार्यालयाला सप्टेंबरमध्येच पत्र दिले होते, पाने पिवळी पडू लागली तेव्हा. पोच मिळाली, माणूस आला नाही.

२० नोव्हेंबर

गावातली नऊ माणसे, फावडी, दोन घमेली. मोरीतून चिरे, सिमेंटच्या गोण्या, थर्माकोल निघाले. दुपारी सुकती लागल्यावर काळे पाणी सुसाट निघाले, वास असह्य. पुढच्या भरतीला स्वच्छ पाणी आत आले आणि त्याबरोबर एक निवटी, डोळे वर काढून, मोरीच्या तोंडाशी चिखलावर सरपटत. मेलेल्या झाडांना उपयोग नाही. त्यांच्या खाली मात्र तिवराची आपोआप उगवलेली रोपे दिसली. इथे काही लावायचे नाही असे ठरले. पाण्याची वाट मोकळी राहिली तर जागा स्वतः भरेल.

रोपवाटिकेची उरलेली रोपे कुठे लावायची हा प्रश्न मुलांनी विचारला. लागवडीला योग्य अशा उरलेल्या जागा मोजल्या तर फार थोड्या निघाल्या. चारशेचा आकडा आम्ही जागा न बघता ठरवला होता. पुढच्या पिशव्या भरणे थांबवले.

२७ नोव्हेंबर

पाणी पुन्हा खारट झाले आहे. ३६ मीटरच्या पट्ट्यात ६१ रोपे. काहींच्या खोडावर बार्नॅकलच्या पांढऱ्या शिंपल्यांचे कडक थर, वजनाने रोपे वाकलेली. बोथट चाकूने हळूच खरवडले. म्हशी एकदा येऊन तिवराचे शेंडे खाऊन गेल्या.

११ डिसेंबर, रविवार

कुळांची बैठक, देवळाच्या मंडपात. आम्हाला नकाशा दाखवायला बोलावले. भिंतीवर चादर लावून प्रोजेक्टर. दोन हिरवे रंग पाहिल्यावर खूप वेळ कुणी बोलले नाही. मग एका वयस्क बाईंनी पुढे येऊन फिक्या हिरव्यावर बोट ठेवले आणि आपल्या वाफ्याची हद्द अचूक दाखवली. तीस वर्षे तिथे झाडे आहेत.

राग होता, आणि तो मला रास्त वाटला. एकाने विचारले, "शेत गेले ते गेलेच, आता कागदावर जंगल म्हणून लागले. आम्ही परत बांध घातला तर गुन्हेगार आम्ही?" नियम मी जसा आहे तसा सांगितला. खारफुटी किनारी नियमनाच्या सर्वांत कडक वर्गात येते. एक हजार चौरस मीटरहून मोठा तुकडा असेल तर भोवती पन्नास मीटरचा राखीव पट्टा, खाजगी जमिनीतल्या खारफुटीला २०१९ च्या अधिसूचनेत त्या पट्ट्यातून सूट, पण झाडांना संरक्षण आहेच. त्याच वेळी २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळे कलम होते: खाजनातली खारफुटी राखावी, खाजनाचा व्यवस्थापन आराखडा करावा, आणि खाजनात विकासकामे नकोत. म्हणजे कायद्याला दोन्ही हवे आहेत, शेतही आणि झाडेही. जमिनीवर ती दोन्ही एकाच वाफ्यात मावत नाहीत, ही अडचण.

दुसऱ्या बाजूचेही बोलणे झाले. खुबे (शिंपले) काढणाऱ्या मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, बुडालेल्या शेतात काळुंदरे, शेवटे आणि कुर्ल्या मिळतात, त्यावर आमची आठ घरे चालतात, ती झाडे तोडाल तर आम्ही कुठे जायचे? त्यांचे शेत कधीच नव्हते, त्यामुळे बुडाले तेव्हा त्यांचे काही गेले नाही आणि उगवले तेव्हा मिळाले. मंडपात हे ऐकून घेणे काहींना जड गेले. भाईंनी ऐकून घ्यायला लावले.

मला विचारले तेव्हा माझे मत मी मांडले. तीस वर्षांचे वन आता वन आहे. त्यात चिप्पीची छत्री झाली आहे, माशांची पिल्ले वाढतात, पाणमांजरांच्या पावलांचे ठसे आम्हाला तिथेच सापडले, मुळांखालच्या चिखलात कितीतरी वर्षांचा कार्बन दडला आहे. ते राहू द्यावे, आणि ज्यांची जमीन त्याखाली गेली त्यांना त्याचा मोबदला मागायचा हक्क आहे, तो एकत्र मागावा. तिसऱ्या मानशीजवळचा तुकडा वेगळा. तिथे अजून शेत वाचवता येते. चीर बुजवायची, मानशीला दारे बसवायची, आणि हे लेखी परवानगी घेऊन, खाजन दुरुस्ती म्हणून, आत्ताच करायचे. आणखी चार वर्षे गेली तर तिथेही जंगल होईल आणि मग तो दरवाजा बंद. आणि बांधाबाहेरच्या झालरीला कुणीच हात लावायचा नाही.

साडेतीन तासांनी ठराव झाला. तिसऱ्या मानशीची दुरुस्ती, अर्ज पुढच्या आठवड्यात. मानशीची पावणी घेणाऱ्यावर दारांची अट. भायलीची नोंद गावाने स्वतः ठेवायची, दर वर्षी, टेप लावून. मोबदल्याच्या मागणीवर एकमत झाले नाही, पुढच्या बैठकीला.

८ जानेवारी २०२३

नवे चित्र, अष्टमीच्या जवळचे, स्वच्छ. नकाशा पुरा. प्रत्येक तुकड्यावर साल, आणि साल ज्याने सांगितले त्याच्या घराचा क्रमांक, नाव नाही. झालरीची रुंदी दर वीस मीटरला, हाताने मोजलेली. भरावामागच्या पट्ट्यात रंग अजून तपकिरी, तो तसाच ठेवला.

अर्जाला उत्तर नाही.

२१ जानेवारी, शनिवार

पौष अमावस्या. सकाळी दुर्भाटला मुलांना घेऊन गेले, माणगे थापणीला. माणगे म्हणजे मगर. कालव्याच्या काठचा चिखल आणून लोक त्याची मगर थापतात, शिंपल्यांचे डोळे आणि खवले लावतात, फुले वाहतात, पुजतात. बांध राखावा, माणसांना आणि गुरांना इजा करू नये एवढे मागणे. इथल्या खाऱ्या पाण्यात खऱ्या मगरीही आहेत, त्यांच्याशी हा जुना करार.

थापणारे आजोबा चिखल कुठून आणतात ते मुलांनी विचारले. त्यांनी हाताने दाखवले: कांदळाच्या मुळांतला. तोच चिवट राहतो, भेगा पडत नाहीत, म्हणाले. आमच्यातल्या एकीने आपल्या तळहातावर थोडा घेतला आणि परत येईपर्यंत मुठीत तसाच धरून ठेवला.

संध्याकाळी सुकतीला ३६ मीटरच्या पट्ट्यात मोजणी. उभी ५७. पहिल्या रांगेतल्या अकरा रोपांच्या खोडातून पहिली आधारमुळे निघाली आहेत, बोटभर लांब, चिखलाला अजून टेकलेली नाहीत. पुढची मोजणी फेब्रुवारीच्या अष्टमीला.